दोन्ही रिपोर्ट खरे, दावा खोटा

तासगावात एक फ्लेक्स लागलाय: ‘आनुवंशिक रक्तदोष मुळापासून बरा, पुरावा बघा’. खाली दोन लॅब रिपोर्ट. नाव खोडलंय, पण रिपोर्ट माझ्या थोरल्या भावाचे आहेत.

दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला दिवसभर उभा असतो. मांडीच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हापासून पाय सुजतो आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम आहे. भरत आली की पुन्हा चिघळते. वडिलांनाही गुठळी झाली होती. विश्रामबागेत शिबिर भरवणाऱ्या, स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नेमकं हेच हेरलं.

आधी प्रोटीन सी आणि प्रोटीन एस, म्हणजे रक्तातली गुठळी रोखणारी प्रथिनं, तपासायला लावलं. दोन्ही कमी. येणारच! दादा वॉरफेरीन, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेत होता. ही गोळी व्हिटॅमिन केचं काम अडवते आणि ही दोन्ही प्रथिनं त्या व्हिटॅमिनशिवाय नीट तयार होत नाहीत. मग हुकूम सुटला: गोळी बंद, काढा चालू. पायाची घट्ट पट्टीही काढायला लावली, म्हणे रक्त अडतं. वीस हजार रोख, पावती नाही. काही आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट नॉर्मल. गोळीचा असर उतरला, पातळी वर आली. काढ्याचा काय संबंध? पण दादाच्या हातात ‘दोष गेला’ म्हणणारा कागद, तोही नावाजलेल्या लॅबचा. लॅबनं काही खोटं केलं नाही, हीच तर खुबी.

मग दुसऱ्या पायात गुठळी झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या तारखा गोळीच्या तारखांशी लावून बघितल्या. नंतर जीनची तपासणी केली, तिच्यावर वॉरफेरीनचा परिणाम होत नाही. निघाला फॅक्टर फाइव्ह लायडन. 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात शोधलेला, रक्त गोठण्याची शक्यता वाढवणारा जीनमधला जन्मजात बदल. तो कुठल्याही काढ्यानं जात नाही.

आता गोळी पुन्हा चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवायचा. डॉप्लरनं, म्हणजे रक्तप्रवाहाच्या तपासणीनं, पायाच्या धमन्या ठीक असल्याची खात्री करून पट्टीही बांधली. अशा जखमेचा मुख्य इलाज ती दाबाची पट्टीच आहे, मलम नंतर.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय, पण पावतीवाचून अडतंय. कुणाकडे त्या शिबिरातली चिठ्ठी, बाटली, लेबल काहीही असेल तर फेकू नका. आणि कुणी असे दोन रिपोर्ट दाखवले, तर रक्त दिलं त्या दिवशी पेशंट कुठली गोळी घेत होता, ते आधी विचारा.