होल्ड आणि रिकॉलचा माल: आमच्या पीओएसचा आठ महिन्यांचा अनुभव

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका कॅनबिसच्या, म्हणजे गांजाच्या, दुकानात मी इन्व्हेंटरी बघते आणि गेले आठ महिने आमच्याकडे नवीन पीओएस, म्हणजे काउंटरवरचं बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, आहे. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण त्यांचा सपोर्टचा मुलगा मनापासून मदत करतो आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. बिलिंग, डिस्काउंट, रोजचा हिशोब सगळं व्यवस्थित चालतं, त्यावर काय लिहिणार. मला लिहायचंय ते अडकलेल्या मालाबद्दल, म्हणजे सरकारने होल्डवर टाकलेला (विक्री थांबवलेला) किंवा रिकॉल झालेला (परत बोलावलेला) माल हे सॉफ्टवेअर कसं हाताळतं त्याबद्दल. असलं सॉफ्टवेअर लिहिणारे कितीतरी जण पुण्यात बसलेत, त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर बरंच.

आधी एक गोष्ट, कारण हे कायदेशीर आहे का, असं ओळखीतले विचारतात. इथे १ डिसेंबर २०१९ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात माल मिळतो, पण केंद्राच्या कायद्यात हे अजून बेकायदाच आहे, आणि या धंद्यात नोकरी केली तर सिटिझनशिपला अडचण येऊ शकते असं इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मधे स्पष्ट सांगितलंय. मी सिटिझन झाल्यावरच या धंद्यात आले. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय कृपया या धंद्यात पाऊल टाकू नका.

तर, सगळ्या मालाचा माग ठेवणारी राज्याची सिस्टिम म्हणजे मेट्रक. प्रत्येक पॅकेजला २४ अक्षर-आकड्यांचा टॅग असतो, आमचं पीओएस मेट्रकशी जोडलेलं असतं आणि प्रत्येक विक्री तिकडे जाते. राज्याला शंका आली की ते पॅकेज ॲडमिनिस्ट्रेटिव्ह होल्डवर टाकतात, ते मेट्रकमधे ऑन होल्डच्या टॅबमधे जाऊन बसतं, मग ना विकता येत ना दुसरीकडे पाठवता येत, आणि तो होल्ड फक्त तेच काढू शकतात. हे कुलूप पक्कं आहे आणि ते असायलाच हवं. पण ते कुलूप राज्याच्या कॉम्प्युटरमधे असतं आणि पाकीट असतं आमच्या शेल्फवर.

मी इकडे यायच्या आधी नाशिकला औषधांच्या एका स्टॉकिस्टकडे होते. तिथे कंपनीचा फोन यायचा, अमुक बॅच उचला, की आम्ही खोके बाजूला काढून नॉट फॉर सेल लिहिलेल्या कोपऱ्यात टाकायचो आणि ज्या ज्या मेडिकलला ती बॅच गेली त्यांना फोन लावायचो, कारण प्रत्येक बिलावर बॅच नंबर छापलेला असायचा. मला वाटलं होतं इथे सगळं कॉम्प्युटरवर म्हणजे हे एका क्लिकवर होत असेल.

मार्चमधे गमीजच्या, म्हणजे कॅनबिस घातलेल्या जेलीच्या गोळ्यांच्या, एका मालाचा रिकॉल आला. सकाळी अकराच्या सुमारास ईमेल, मी लगेच टॅग शोधला, स्टॉकमधे ३७ पाकिटं दिसली, होल्ड दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. मी शेल्फवरून पाकिटं काढून मोजली तर ३४. परत मोजली, ३४च. उरलेली तीन ऑनलाइन ऑर्डरमधे रिझर्व्ह होती, म्हणजे पिकअपच्या ड्रॉवरमधे कागदी पिशव्यांमधे स्टेपल मारून, वर गिऱ्हाइकाचं नाव चिकटवून तयार. या सॉफ्टवेअरमधे होल्ड फक्त मोकळ्या मालाला लागतो, रिझर्व्ह झालेल्याला नाही! आणि मेट्रककडून होल्ड यायला सिंकची, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळायची, वाट बघावी लागते, तोवर काउंटरवरून त्या पिशव्या आरामात गेल्या असत्या. दोन पिशव्या मी ड्रॉवरमधून काढल्या, तिसरी एका आजींच्या हातात होती, पैसे द्यायला उभ्या होत्या, नेहमीच्या आहेत, गुडघ्यांसाठी घेतात. आमच्या काउंटरवरच्या मुलीने पाकिटावरच्या टॅगचे शेवटचे आकडे बघितले आणि पिशवी परत घेतली. सॉफ्टवेअरने अडवलं नाही, त्या मुलीने अडवलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरी अडचण फोडलेल्या मालाची. आमच्याकडे फ्लॉवर, म्हणजे वाळवलेली फुलं, पाउंडात येतं, आम्ही ते साडेतीन-साडेतीन ग्रॅमच्या पाकिटांत भरतो, त्या पाकिटांचं नवं पॅकेज होतं आणि त्याला नवा टॅग लागतो. रिकॉलच्या नोटिशीत मात्र नंबर मूळ पाउंडाचा असू शकतो. पहिल्यांदा मी तो नंबर सर्चमधे टाकला तर शून्य, कारण मूळ पॅकेज तर कधीच संपलेलं. माल नाहीये असं समजून एखादा नवखा माणूस तिथेच थांबेल. सोर्स पॅकेजचा, म्हणजे कुठल्या मूळ पॅकेजमधून काय निघालं त्याचा, रिपोर्ट वेगळा काढावा लागतो, तो तीन मेनू आत आहे, आणि एका पिढीच्या खाली तो जातच नाही, म्हणजे त्या पाकिटांतून पुन्हा काही वेगळं काढलं असेल तर ते हातानेच शोधायचं. होल्ड बापाला लावला की पोराला आपोआप लागलाच पाहिजे, यात मला दुसरी बाजू दिसतच नाही.

आता कौतुक, कारण ते खरंच करायला हवं. यात लॅब आणि टेस्टच्या तारखेवरून माल गाळता येतो. ज्यांनी २०२१चा रिकॉल बघितलाय त्यांना याची किंमत कळेल. १७ नोव्हेंबर २०२१ ला राज्याने एकाच गटाच्या दोन लॅबमधे १० ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात तपासलेला जवळपास सगळा माल परत बोलावला, ओढायचे काही कॉन्सन्ट्रेट, म्हणजे अर्क, तेवढे सोडून. अंदाजे २२ कोटी ९० लाख डॉलरचा माल, आणि तोही थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. मी तेव्हा दुसऱ्या दुकानात होते. प्रॉडक्टचं नाव नाही, ब्रँड नाही, फक्त लॅब आणि तारीख, आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला लॅब ही गोष्टच माहीत नव्हती. आम्ही तिघांनी रात्रभर बसून एकेका पॅकेजचं टेस्ट सर्टिफिकेट उघडून बघितलं. ३ डिसेंबरला कोर्टाने एका लॅबचा माल मोकळा केला, दुसरीचा नाही, मग परत तेच सर्टिफिकेट, परत तीच छाननी. आज हे काम नवीन पीओएसवर दहा मिनिटांचं आहे. मी मुद्दाम जुन्या तारखा टाकून करून बघितलं.

गिऱ्हाइकांना कळवायचं म्हणाल तर तिथे सॉफ्टवेअरचा दोष नाही. इथल्या कायद्याप्रमाणे वय बघण्यापलीकडे गिऱ्हाइकाची माहिती नोंदवण्याची सक्ती करता येत नाही, त्यामुळे लॉयल्टीमधे, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या योजनेत, फोन नंबर दिलेल्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांसाठी दुकानात सगळ्यांना दिसेल अशी नोटीस लावायची. मेसेजची सोय आहे, चांगली चालते, टॅगवरून लगेच यादी निघते.

होल्ड सुटल्यावरचा घोळ मात्र अजून आहे. राज्याने मेट्रकमधे मोकळं केलं तरी आमच्या सॉफ्टवेअरमधला होल्ड तसाच राहतो, हाताने काढावा लागतो. एकदा ४० एक व्हेप असेच तीन आठवडे मागच्या खोलीत पडून राहिले. आणि होल्डवरचा माल स्टॉकच्या किमतीत आणि नगांत मिसळून दाखवतात, त्यामुळे मालकांना वाटलं भरपूर आहे, ऑर्डर दिली नाही आणि शनिवारी शेल्फ रिकामं. नष्ट करायच्या मालाची नोंद छान आहे, वजन, कारण, फोटो, कुणी केलं, किती वाजता, सगळं एका पानावर. इन्स्पेक्टर आले होते तेव्हा तेच पान दाखवलं, पाच मिनिटांत ते पुढे गेले.

मार्चनंतर मी सपोर्टला तिन्ही पिशव्यांचे फोटो पाठवले, दर आठवड्याला पाठपुरावा केला. गेल्या महिन्याच्या अपडेटमधे होल्ड दाबला की रिझर्व्ह ऑर्डर लाल होतात आणि पिशवी स्कॅन केली की बिल पुढे सरकत नाही. मी स्वतः सहा वेळा तपासलं, अडवतं. बाप-पोराचं अजून व्हायचंय, पुढच्या अपडेटमधे बघू म्हणालेत. आम्ही एक वर्ष रिन्यू केलंय. काउंटरच्या प्रत्येक मशीनवर केशरी कार्डावर रिकॉलच्या टॅगचे शेवटचे चार आकडे मी अजूनही रोज सकाळी हाताने लिहिते, आणि दुकान उघडायच्या आधी पिकअपचा ड्रॉवर पूर्ण रिकामा करून एकेक पिशवी बघते.