जैसलमेर पॅकेज दोनदा केलं: मे मधे २ स्टार, फेब्रुवारीत साडेचार

आधीच सांगतो, ट्रॅव्हल्सवाल्याचं नाव लिहिणार नाही. सांगलीतलाच माणूस आहे, रोज आमच्या दुकानासमोरनं जातो, उगाच तोंड चुकवायची वेळ नको. आणि खरं बघायला गेलं तर चूक निम्मी त्याची निम्मी आमची. पॅकेज तेच, माणूस तोच, गाव तेच, फक्त महिना वेगळा. पहिल्यांदा मे मधे गेलतो, आणि दुसऱ्यांदा यंदा फेब्रुवारीच्या शेवटी, महाशिवरात्रीच्या आसपास. दोन्ही वेळचं एकत्रच लिहितोय कारण एकट्या मे चं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणला असता जैसलमेरच बेकार, आणि तसं अजिबात नाहीये.

मे मधेच का गेलो, तर आमच्या घराचं कॅलेंडरच तसलं. सासुरवाडी तासगावकडची, द्राक्षबागायतदार. सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी झाली की पुढचे दोन महिने मामा (सासरे, आमच्यात मामाच म्हणतात) बागेतनं हलत नाहीत, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे), विरळणी, औषधं, सकाळी उठून आधी आभाळ बघायचं मग चहा. जानेवारीपासनं माल काढणी, ती चालते मार्च-एप्रिलपर्यंत, मग बेदाण्याचं शेड, मग एप्रिलची खरड छाटणी. म्हणजे जेव्हा जगातली सगळी माणसं राजस्थानला जातात, ऑक्टोबर ते मार्च, नेमका तेव्हाच हा माणूस बांधलेला. पोराला सुट्टी मे मधे. आणि ट्रॅव्हल्सवाल्याची ऑफरपण मे मधे, सीझनच्या जवळजवळ निम्म्या दरात, एसी खोली धरून. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आपण काय पुण्यामुंबईचे हाय का, ऊन आपल्याला नवीन हाय व्हय?" झालं, ॲडव्हान्स भरला.

ट्रॅव्हल्सवाल्याला मी सरळ विचारलं होतं की मे मधे जमतंय का. म्हणाला, वाळवंटात संध्याकाळी गार वारा सुटतो, दिवसा एसीत बसायचं. ऐकायला बरोबर वाटतं हो. पण त्यानं जो कार्यक्रमाचा कागद दिला तो बारा महिने तोच असतो हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. एक उदाहरण देतो, ह्यावरनं सगळं लक्षात येईल. कागदावर होतं, साडेचारला समच्या (जैसलमेरजवळचं वाळूच्या टेकड्यांचं गाव) वाळूवर पोचायचं, पाचला उंटावर बसायचं, मग सूर्यास्त. आता हे डिसेंबरला एकदम बरोबर आहे, तेव्हा तिथं सहाच्या आतच सूर्य बुडतो. पण जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला, घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, त्यामुळं मे मधे तिकडं सूर्य मावळायला साडेसात वाजतात. म्हणजे पाच ते साडेसात अडीच तास आम्ही वाळूवर, सावली म्हणून फक्त उंटाची, आणि ती पण उंट हलला की हलणार. पोरगं रडायला लागलं, मामी डोक्याला पदर गुंडाळून खाली बसल्या, तर वाळूच तापलेली, लगेच उठल्या. उंटवालाच शेवटी म्हणाला की साहब इस महीने में कौन आता है. खरंच कोण नव्हतं. आजूबाजूचे बरेचसे तंबू गुंडाळून ठेवलेले, आमचाच एक चालू, त्याच्यात कूलर, आणि वाऱ्याबरोबर येणारी वाळू जेवणात.

दुसऱ्या दिवशीचं कुलधरा दुपारी एक वाजता. कागदावर तसंच होतं, गावात परतून जेवण म्हणून. कुलधरा म्हणजे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड पडलेलं गाव, शहरापासनं अठरा-एक किलोमीटर, नुसत्या बिनछपराच्या भिंती. दिवाण सालिमसिंगाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत सगळं गाव उठून गेलं अशी गोष्ट सांगतात, कोण म्हणतं पाणीच संपलं होतं. मामा दहा मिनिटं त्या भिंतीकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, राजाची भानगड काय असंल ती असू दे, पन आसलं ऊन आन् आड कोरडा, तर मानूस रातीतच निघंल की, दिवसा चालतंय का हितं?" मला तरी तेच पटलं.

किल्ल्यात पण तेच. पिवळा दगड दिसायला सोन्यासारखा, पण दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत बसतो. जैन मंदिरात चप्पल काढायची, तेवढं अंगण ओलांडताना सगळे उड्या मारत होतो. पटव्यांच्या हवेल्या, एकाला एक लागून पाच, काय ती दगडातली जाळी, पण मे मधे आम्ही त्या कशा बघितल्या तर ह्या सावलीतनं त्या सावलीत पळत. वर सारखी चर्चा, पाण्याची बाटली कुणाकडं आहे. तिथला पारा मे-जूनात ४५ च्या पुढं जायला काय वेळ लागत नाही, जैसलमेरच्या वाटेवरच फलोदी आहे तिथं १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदवलंय. आपण जत-आटपाडीच्या उन्हाला ऊन म्हणतो, म्हणू दे, पण तिकडं जी लू लागते ती वेगळीच, भट्टीचं दार उघडल्यासारखी.

एकच गंमत सांगतो मे ची. गाडीत खायला भडंगाचा डबा नेलता, झाकण कुठंतरी हरवलं, तर तीन दिवस उघडा डबा आणि भडंग जसंच्या तसं कुरकुरीत. सांगलीत पावसाळ्यात तासाभरात वातड होतं. मामांनी ते बघितलं आणि लगेच हिशोब चालू, असली कोरडी हवा आपल्याकडं असती तर बेदाणा किती दिवसात वाळला असता. माणूस सुट्टीवर येतो पण डोकं येत नाही.

तर पहिल्या ट्रिपला २ स्टार, ते पण हॉटेल आणि ड्रायव्हरसाठी.

आता दुसरी. मामांनी गेल्या हंगामात छाटणी आगाप घेतली, ऑगस्टअखेरीला, त्यामुळं माल जानेवारीतच गेला आणि फेब्रुवारीत माणूस चक्क मोकळा. मीच परत त्याच ट्रॅव्हल्सवाल्याकडं गेलो. बायको म्हणाली परत त्याच्याकडं कशाला, पण मला हॉटेल माहीत होतं, ड्रायव्हर माहीत होता, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की माझं डोकं फिरलंय का पॅकेज फिरलंय. फक्त ह्या वेळेला त्याचा कागद हातात घेतला आणि पेननं सगळ्या वेळा माझ्या मी बदलल्या, तारखेला सूर्य कधी मावळतो ते मोबाईलवर बघून. फेब्रुवारीच्या शेवटी पावणेसातच्या आसपास. सम शहरापासनं चाळीसेक किलोमीटर, पाचला निघालो, पावणेसहाला वाळूवर, तासभर उंट, वाळूत लोळणं, फोटो, आणि सूर्य टेकला. दिवसा अर्ध्या बाहीचा शर्ट, रात्री शाल. बस.

तारीख निवडताना अजून एक केलं ते सांगतो. माघ पौर्णिमेला धरून तिथं मरु महोत्सव असतो, तीन दिवस, उंटांच्या शर्यती, पगड्या बांधायची स्पर्धा, मिशांची स्पर्धा. ज्यांना जत्रा आवडते त्यांनी तेव्हाच जावं, पण दर चढलेले असतात आणि खोली आधी धरावी लागते. आम्ही तो होऊ दिला आणि महाशिवरात्र गाठली, म्हणजे अमावस्या तोंडावर, चंद्र नाही. तंबूवाल्याला सांगून जनरेटरचा दिवा बंद करायला लावला (आधी नाही म्हणाला, मग शेजारच्या तंबूतले पण म्हणायला लागले तेव्हा ऐकलं) आणि मग जे आभाळ दिसलं ते मी सांगलीत कधी बघितलं नाही, २०१९ च्या पुरात सगळ्या गावाची लाईट गेलती तेव्हा ढगच होते. पोरगं उताणं पडून मोजत होतं आणि झोपलं. मामा म्हणाले चांदण्या आधी आपल्याकडं पण अशाच असायच्या. ज्यांना चांदण्यातली वाळू बघायचीय त्यांनी पौर्णिमा धरावी, दोन्ही एकदम मिळत नाही.

मग डिसेंबर का नको? तुम्ही जा की, वाईट नाहीये. पण आमचा एक मित्र ३१ डिसेंबरला गेलता, त्याचं ऐकून मी ठरवलं. तंबूचा दर तिप्पट, शेजारी डीजे रात्री एकपर्यंत, आणि थंडी. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे गरम. पण हवेत ओल नसली की दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवायला काहीच नसतं, वाळू भराभर गार होते, डिसेंबर-जानेवारीत रात्री सात-आठ अंश आणि कधी त्याच्याही खाली. ह्यानं नेलतं एक जर्किन, सांगलीच्या अंदाजानं. रात्रभर गादी अंगावर घेऊन बसला. म्हातारी माणसं बरोबर असतील तर जानेवारीत तंबू नको, शहरातली खोली घ्या.

नोव्हेंबर चांगला म्हणतात, दिवाळीनंतरचा. शाळेला सुट्टी असते त्यामुळं आपल्याकडच्या नोकरदार लोकांना तोच सोयीचा. पण दिवाळीत सगळा गुजरात तिथं असतो हे ड्रायव्हरनं सांगितलं, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर जा.

पावसाळ्याचं मात्र मला कुतूहल आहे. तिथं वर्षाला २०० मिलीमीटर पण पडत नाही, आपल्याकडं कृष्णा आयर्विन पुलापाशी ४० फुटावर गेली की झोप उडते आणि तिकडं सर आली की लोक रस्त्यावर येतात. गडीसर तलावावर एक म्हातारा चहावाला म्हणाला ऑगस्टमधे या, वाळवंट हिरवं दिसतं. हा तलाव चौदाव्या शतकातला, पूर्वी सगळं गाव ह्याच पाण्यावर, आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आहे. बघू, मामांची छाटणी आगाप असली तर ऑगस्ट पण गेला.

बाकी सेवेबद्दल. हॉटेल किल्ल्याच्या बाहेर, गच्चीवरनं पूर्ण किल्ला दिसतो. किल्ल्याच्या आत राहायचा मोह होतो, ११५६ पासनं वस्ती आहे आणि अजून माणसं राहतात, पण आतल्या हॉटेलांचं सांडपाणी मुरून पायातली माती भुसभुशीत होते, बुरूज ढासळलेत, त्यामुळं मी तरी बाहेरच राहीन. जेवणात केर-सांगरी (तिकडची वाळवंटातली भाजी) मागून घ्या, पॅकेजमधे पनीरच देतात. घोटुआ लाडू किल्ल्याच्या खाली मिळतो, दोन किलो आणले, मिरजेपर्यंत अर्धा किलो उरला. येताजाता मिरज-जोधपूर थेट गाडी आहे, रोज नसते, वार बघून बुक करा, पुढं जोधपूरवरनं कारनं पाच-सहा तास. वाटेत फलोदीजवळ खीचनला हिवाळाभर कुरजा पक्षी हजारोंनी उतरतात, आम्ही फेब्रुवारीत होतो म्हणून दिसले, मे मधे तिथं नुसतं रिकामं माळ होतं. पाकिस्तान सीमेकडच्या तनोट-लोंगेवालासाठी वेगळा दिवस ठेवा, तनोट एका बाजूनंच सव्वाशे किलोमीटर आहे आणि पॅकेजवाला ते अर्ध्या दिवसात कोंबतो.

अर्धा स्टार कापला तो ह्याच्यासाठी की वेळा मी बदलल्या, त्यानं नाही. परवा दुकानात आलता, त्याचा मे चा बोर्ड छापून तयार, "समर स्पेशल जैसलमेर". मी म्हटलं, सूर्यास्ताची वेळ काय टाकलीय? म्हणाला, साडेपाच.