किशोरवयीनांसाठी दोन पात्रता-चौकटी: स्कॉटलंडची आणि युरोपची

पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळेतच राहावे की कामाबरोबर शिकावे, हे ठरवणाऱ्या मुलाला पात्रता-चौकट, म्हणजे निरनिराळ्या प्रमाणपत्रांना स्तरांनुसार लावणारी मांडणी, किती उपयोगी पडेल, हे ती कशासाठी बांधली आहे यावर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या १२ स्तरांच्या चौकटीत ‘हायर’ ही शाळेच्या वरच्या वर्गांतली परीक्षा आणि उद्योगाशी जोडलेली ‘फाउंडेशन अप्रेंटिसशिप’ ही दोन्ही सहाव्या स्तरावर भेटतात. त्यामुळे व्यवसायशिक्षण म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची वाट, या हट्टी समजाला निदान कागदोपत्री तरी उत्तर मिळते. शिवाय सुमारे १० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक (क्रेडिट) धरला जात असल्याने पात्रतेची पातळीच नव्हे, तर तिच्यामागचे श्रमही मोजता येतात. २००८ मध्ये स्वीकारलेली युरोपीय चौकट मात्र ८ स्तरांची असून ती स्वतः कोणतीही पात्रता देत नाही, श्रेयांकही मोजत नाही. निरनिराळ्या देशांच्या पात्रता परस्परांना उमगाव्यात, हे तिचे काम. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या तरुणाला ती मोलाची वाटेल, परंतु विषय निवडायला बसलेल्या किशोराच्या हाती स्कॉटलंडचीच चौकट द्यावी, असे माझे मत आहे. अर्थात स्तर समान म्हणून प्रवेश हमखास, असे दोन्हींकडे नाही. कोणती पात्रता ग्राह्य धरायची, हे प्रवेश देणारी संस्था किंवा नियोक्ताच ठरवतो.