अर्ज बेळगावात की इंग्लंडात?

बेळगावजवळच्या खानापूरची माझी मावसबहीण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन इंग्लंडातल्या लेस्टरहून माहेरी आली. "अक्का, घटस्फोटाचा अर्ज कुठं घालू, हितं की तिकडं?" सोप्यात बसून तिनं विचारलं. पोराच्या दप्तरावर तिकडच्या शाळेचं नाव तसंच होतं.

नुसत्या घटस्फोटाचा प्रश्न असता तर इंग्लंड सोपं. ६ एप्रिल २०२२ पासून तिथं दोष सिद्ध करावा लागत नाही. संसार मोडला, एवढं एकानं लिहून दिलं तरी पुरतं. अर्जानंतर किमान २० आठवडे आणि वर सहा थांबलं की घटस्फोट. बेळगावात १९५५ चा हिंदू विवाह कायदा. दोघं राजी असतील तर ठीक. एकजण अडला की क्रूरता सिद्ध करा, तारखांना फेऱ्या मारा, कानडी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या.

पण इंग्लंडचा एकतर्फी निकाल आपल्याकडे टिकेलच असं नाही. नुसता संसार मोडला, हा आधार हिंदू विवाह कायद्यात नाही, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं याबाबत कडक निकष घातलेत.

खरा जीव अडकतो तो पोरात. आपल्याकडे ताबा एकाला, दुसऱ्याला भेटीचे दिवस. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हा सहाचा. इंग्लंडात 'ताबा' हा शब्दच मागे पडलाय. मूल कुणाकडे कधी राहील, एवढंच ठरतं. दुसऱ्या देशात पळवून नेलेलं मूल परत धाडायला लावणाऱ्या १९८० च्या हेग करारात ब्रिटन आहे, भारत नाही. म्हणून इथं राहणं सुरक्षित, असं तिला वाटत होतं. पण बाप पोरासाठी इथल्या उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि पोर रोज त्याची आठवण काढतं. मुलाचा अर्ज तिकडंच घाल, असं मी तिला सांगितलं.