अमेरिकेचे राजपत्र वर्षभर रोज वाचल्यानंतर

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्याच आठवड्यात मी अमेरिकी केंद्र सरकारच्या राजपत्राची, म्हणजे ‘फेडरल रजिस्टर’ची, ईमेल सूचना सुरू केली. तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत, वर्षभर, प्रत्येक कामाच्या दिवशी सकाळी मी त्याच्या संकेतस्थळावरील अध्यक्षीय दस्तऐवजांचा विभाग वाचला. मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर, नोकरी करतो. पत्नी एच-४ व्हिसावर, म्हणजे अशा कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर, असून तिच्याकडे कामाचा स्वतंत्र परवाना, म्हणजे ईएडी, आहे. आम्ही ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत आहोत. त्यामुळे हे वाचन हौसेचे नव्हते. दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि व्हॉट्सॲपवरील अफवा यांतून रोज नवी धास्ती वाटू लागली, तेव्हा मूळ कागदच वाचावा असे ठरवले.

आपल्याकडे राजपत्राशी सर्वसामान्य माणसाचा संबंध येतो तो बहुधा नाव बदलताना. अमेरिकेत मात्र हे राजपत्र सरकारच्या रोजच्या कारभाराची नोंदवही आहे. अध्यक्षांचे कार्यकारी आदेश आणि उद्घोषणा, खात्यांचे प्रस्तावित व अंतिम नियम, हरकती व सूचना पाठवण्याची मुदत, हे सारे त्यात येते. ते सुरू झाले त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९३५ साली तेलाच्या व्यापारावरील निर्बंधांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ज्या तरतुदीखाली आरोप ठेवले होते ती तरतूद दुरुस्तीच्या वेळी नजरचुकीने गळून गेली होती आणि तिचा पत्ता सरकारी वकिलांनाही बराच काळ नव्हता, असे उघड झाले. आदेश छापून सर्वांसमोर ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. त्याच वर्षी कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी पहिला अंक निघाला. सत्तेने काय फर्मावले आहे हे ज्याच्यावर ते लागू होणार त्याला वाचता आले पाहिजे, एवढीच त्यामागची साधी अपेक्षा. गेले वर्ष मी याच अपेक्षेच्या मापाने मोजत आलो आहे.

वापराच्या दृष्टीने संकेतस्थळ उत्तम आहे. ते विनामूल्य आहे, शोध नेमका चालतो, आणि प्रत्येक आदेशापुढे क्रमांक, स्वाक्षरीची तारीख व प्रसिद्धीची तारीख स्वतंत्र दिलेली असते. सकाळी पावणेनऊला पुढच्या अंकातील मजकूर आधीच पाहता येतो. या दोन तारखांमधल्या अंतराकडे सुरुवातीला मी फारसे लक्ष दिले नव्हते, पण पुढे तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले.

पहिल्याच दिवशी २६ कार्यकारी आदेशांवर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातील १४१६० क्रमांकाच्या आदेशाने आमच्या ओळखीच्या अनेक घरांतील झोप उडवली. आईचे वास्तव्य बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावरचे असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला जन्मसिद्ध नागरिकत्व मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. आमच्या एका मित्राच्या पत्नीला फेब्रुवारीच्या शेवटी दिवस भरत होते. त्या दोघांबरोबर बसून मी तो आदेश वाक्यावाक्याने वाचला. आदेशाच्या तारखेनंतर ३० दिवसांनी जन्मणाऱ्या बाळांनाच तो लागू होता, म्हणजे त्यांचे बाळ नेमके कात्रीत सापडत होते. डॉक्टरांना प्रसूती लवकर करण्याविषयी विचारावे का, इथपर्यंत त्यांचे बोलणे गेले. २३ जानेवारीला सिएटलमधील न्यायाधीश जॉन कॉघेनॉर यांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. राजपत्रात तो छापून आला २९ जानेवारीला, स्थगितीनंतर सहा दिवसांनी, आणि त्या पानावर स्थगितीचा एक शब्दही नव्हता. आजही नाही. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी स्थगितीचा न्यायाधीशांचा अधिकार आक्रसला, जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने सामूहिक दाव्यात पुन्हा संरक्षण दिले, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न ऐकण्याचे मान्य केले. यातले काहीही त्या पानावर दिसत नाही. नवख्या वाचकाला आदेश पूर्णपणे लागू आहे असेच वाटेल. या साधनाची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आयात शुल्काच्या आदेशांनी मला परिशिष्टे वाचायला शिकवले. २ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांच्या हातातील फलकावर भारतापुढे २६ टक्के होते, तर आदेशाच्या परिशिष्टात आधी २७ होते आणि ते नंतर दुरुस्त झाले. आठवडाभरात ९० दिवसांची स्थगिती आली. पुढे ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झाले आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. माझा मावसभाऊ सोलापुरात टॉवेलची निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. ६ ऑगस्टच्या आदेशानंतर त्याचा फोन आला, “दादा, वाटेत असलेल्या मालाला सूट आहे म्हणतात, खरं का?” सूट होती, पण दोन अटींवर. माल २७ ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेला हवा, आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत त्याची आयात नोंद झालेली हवी. दोन तारखांमध्ये २१ दिवस. न्हावाशेवाहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागायला महिन्याहून अधिक काळ घेते. म्हणजे कागदावर सूट २६ ऑगस्टपर्यंत निघणाऱ्या मालाला होती, प्रत्यक्षात मात्र ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यानंतर निघालेल्या मालाला तिचा काहीही उपयोग नव्हता. हे मी त्याला फोनवर समजावून सांगितले, तेव्हा त्याच्या गोदामात पुढच्या आठवड्यात निघणारे दोन कंटेनर भरून उभे होते. १४ नोव्हेंबरच्या आदेशाने कॉफी, चहा, केळी आणि मसाले एप्रिलपासूनच्या या ‘परस्पर’ (रेसिप्रोकल) शुल्कातून वगळले. त्या यादीत हळद पाहून सांगलीच्या माणसाला काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको, पण टॉवेल त्या यादीत नव्हते.

सप्टेंबरमधला अनुभव माझा स्वतःचा आहे. वडिलांच्या श्राद्धासाठी मी सांगलीला गेलो होतो आणि सर्वपित्री अमावास्या रविवारी, २१ तारखेला होती. शनिवारी पहाटे कंपनीच्या वकिलांचा संदेश आला की, एच-१बी धारकांनी मुदतीच्या आत अमेरिकेत परत यावे. अमेरिकेतील शुक्रवारी एका उद्घोषणेवर स्वाक्षरी झाली होती, एच-१बी अर्जासाठी एक लाख डॉलर भरण्याची अट आली होती, आणि ती अमेरिकी पूर्व वेळेनुसार रविवार सुरू होताच, मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला, लागू होणार होती. राजपत्रात अर्थातच काही नव्हते. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरचा मजकूर मी तीनदा वाचला. देशाबाहेर असलेल्या, परंतु आधीच मंजूर व्हिसा असलेल्या माणसाचे काय, याचे स्वच्छ उत्तर त्यात सापडले नाही. वाणिज्यमंत्री रक्कम दरवर्षी भरावी लागेल असे सांगत होते, मजकुरात तसे म्हटलेले नव्हते. आईने पिशवीत डबा भरून दिला आणि मी मुंबईकडे निघालो. वेळेत पोहोचवणारे तिकीट मिळाले नाही, म्हणून संध्याकाळी पनवेलला ताईकडे थांबलो. मध्यरात्रीनंतर खुलासा आला की, ही रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जांसाठी आहे आणि सध्याच्या व्हिसाधारकांच्या येण्याजाण्यावर तिचा परिणाम नाही. पहाटे चारला परत फिरलो आणि सकाळी अकराच्या आत सांगलीत पोहोचून पिंडदानाला बसलो. ती उद्घोषणा राजपत्रात छापून आली २४ सप्टेंबरला, लागू झाल्यानंतर तीन दिवसांनी.

त्याच दिवशीच्या अंकात आणखी एक मजकूर होता आणि मला तो या वर्षाचे मूल्यमापन करताना फार मोलाचा वाटतो. एच-१बीसाठी अर्ज निवडण्याची सोडत सरसकट न ठेवता जास्त वेतनश्रेणीच्या अर्जांना जास्त संधी द्यावी, असा गृहसुरक्षा विभागाचा तो प्रस्तावित नियम होता. त्यावर ३० दिवस हरकती व सूचना मागवल्या, २९ डिसेंबरला अंतिम नियम प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या अंमलाची तारीख २७ फेब्रुवारी २०२६ ठरली. हा नियम नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांना जाचक आहे असे माझे मत आहे आणि मी तशी हरकत नोंदवलीही. ती मान्य झाली नाही. तरीही मला त्यात अन्याय झाल्यासारखे वाटले नाही, कारण मला वाचायला, बोलायला आणि तयारी करायला वेळ मिळाला होता. याच्या उलट ३० ऑक्टोबरला ‘अंतरिम अंतिम नियम’, म्हणजे आधी हरकती न मागवता थेट लागू होणारा नियम, आला आणि त्या दिवसापासून केलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना मिळणारी, ५४० दिवसांपर्यंतची आपोआप मुदतवाढ बंद झाली. प्रसिद्धी आणि अंमल एकाच दिवशी. आमचा अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गेला होता म्हणून आम्ही वाचलो. आमच्या इमारतीतील एका ताईंचा अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला, डिसेंबरात परवाना संपला, आणि आठ वर्षांची नोकरी असताना त्यांना घरी बसावे लागले.

संसदेने केलेले कायदे या राजपत्रात वाचायला मिळत नाहीत, ते वेगळीकडे शोधावे लागतात. ४ जुलैच्या मोठ्या करकायद्यात परदेशी पैसे पाठवण्यावरचा कर प्रस्तावात ५ टक्के होता, तो शेवटी १ टक्का झाला. तो रोख रक्कम, मनी ऑर्डर यांसारख्या मार्गांपुरताच आहे आणि अमेरिकी बँक खात्यातून घरी पैसे पाठवणाऱ्यांना लागत नाही. हे मला बरेच उशिरा कळले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, तेव्हा अंकही बारीक झाले होते.

आता वर्षाविषयी माझे मत. पहिल्या कारकिर्दीच्या चार वर्षांत ट्रम्प यांनी २२० कार्यकारी आदेश काढले होते, या वेळी एकट्या २०२५ सालात २२५ काढले. सीमेवरील बेकायदा प्रवेश अनेक दशकांच्या नीचांकावर आला, आणि ज्यांनी त्यासाठी मत दिले त्यांना आपले मत फळले असे वाटणे रास्त आहे. उद्दिष्टे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या अध्यक्षांचा आहे, हे मी मनापासून मानतो. माझा आक्षेप वेगाला आहे. स्वाक्षरी आणि अंमल यांमधला काळ या वर्षी इतका आखडला की, त्या काळात माणसे आपली प्रसूती, आपली जहाजे आणि आपली श्राद्धे कशी सावरणार, याचा विचारच कुणी केलेला दिसला नाही. शुल्काचे बहुतेक आदेश १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्यावर उभे होते. तो कायदा एवढा भार पेलतो का, यावर ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये न्यायालयाने तो पेलत नाही असा निकाल दिला.

जे कुणी नव्याने हे वाचायला घेतील त्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. आदेशाचे शेवटचे कलम आणि परिशिष्ट आधी वाचावे, कारण तारखा आणि सवलती तिथेच असतात. आणि प्रत्येक आदेशाचा क्रमांक घेऊन न्यायालयात त्याचे काय झाले ते वेगळे शोधावे. मी त्यासाठी एक वही ठेवली आहे. वर्ष संपताना तिच्यात सर्वांत वर २७ फेब्रुवारी २०२६ ही तारीख लिहिलेली होती आणि तिच्याखाली पुण्याहून इथे शिकायला आलेल्या माझ्या भाचीचे नाव. तिचा एच-१बीचा पहिला अर्ज त्या मार्चमध्ये, सर्वांत खालच्या वेतनश्रेणीत जाणार होता.