शेवाळाच्या क्रीमने लावलेला ३७,२५० रुपयांचा चुना

सांगायला लाज वाटतेय पण सांगते. पहिला किट ३,४५०, रजिस्ट्रेशन ५,००० आणि २,४०० प्रमाणे १२ डब्यांचे २८,८००. टोटल ३७,२५०, सगळे यूपीआयने. रंग उजळवायची क्रीम विका, घरबसल्या डिस्ट्रिब्यूटर व्हा वाला प्रकार, पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

मी काही अडाणी नाही हो, बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, आणि तिथेच फसले. कॉलेज रोडच्या एका हॉटेलात क्रीम विकणाऱ्या मॅडमनी सांगितलं की टायरोसिनेज एन्झाइममुळे मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, बनतं आणि समुद्री शेवाळातली फ्लोरोटॅनिन नावाची रसायनं त्या एन्झाइमला अडवतात. लॅबपुरतं हे खरंय, मी घरी येऊन वाचलंसुद्धा! पण काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललं म्हणून डबीतलं चेहऱ्यावर चालतं का, हे काही सुचलं नाही.

डबीवर काय होतं, तर रामेश्वरमकडचं कप्पाफायकस. अहो ते लाल शेवाळ! त्यातून कॅराजीनन काढतात, आइस्क्रीम दाट करायला. फ्लोरोटॅनिन असतात तपकिरी शेवाळात. डबी हातात, चष्मा डोळ्यावर, तरी दिसलं नाही. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. हे नसेल तर डबी तिथेच ठेवा, मॅडम कितीही गोड बोलू देत.

आणि क्रीम लावून पाचव्या दिवशी वहिनी उजळली तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मेलॅनिन अडवलं तरी वरची त्वचा बदलायला महिनाभर लागतो, पाच दिवसांत कसला उजळपणा? क्रीम बंद केली तर गाल भाजल्यासारखे लाल, वर पुरळ. स्किनचे डॉक्टर म्हणाले लक्षणं क्रीममधल्या स्टेरॉइडची. त्यांची फी ६०० आणि औषधं १,४८०, तेही मीच दिले, वहिनी काही बोलली नाही हेच जास्त लागलं.

मॅडमचा नंबर बंद. पोलीस म्हणाले, "ताई, पैसे तुम्हीच पाठवले ना, मग फसवणूक कशी?" वर हसले. दुसऱ्या ऑफिसात म्हणे हे औषध की कॉस्मेटिक ते आधी ठरवा, मी ठरवू? तिसऱ्याने बिल मागितलं, बिल असतं तर रडले कशाला असते, आणि परत गेले तर साहेब मीटिंगला, त्याच्या पुढच्या सोमवारी साहेब रजेवर, इंदिरानगरहून रिक्षाचेच किती गेले ते मोजलंच नाही. पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, मी नवऱ्याला कळेल म्हणून नऊ दिवस गप्प बसले.

उरलेल्या ११ डब्या कपाटावर आहेत. तपासायला अजून कोणी मागितलेल्या नाहीत.