एअर सस्पेन्शन की पॅराबोलिक पाटे? कळंबोलीच्या ट्रेलरमालकासाठी

न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा, तळोजा नाहीतर भिवंडीला टाकायचा, असा धंदा असेल तर ‘वजनाने हलकं एअर सस्पेन्शन’ (पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर गाडी तोलणारी रचना) ऐकून लगेच बुकिंग करू नका. हलकं कशापेक्षा, ते आधी विचारा. जुन्या जाडजूड थराच्या पाट्यांपेक्षा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगपेक्षा? मग पॅराबोलिक पाटेही (मध्ये जाड, टोकांना निमुळते, मोजकेच पाटे) त्यांच्यापेक्षा हलकेच असतात, आणि त्यांना हवेची टाकी, पाइप, गाडीची उंची राखणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह यांतलं काही लागत नाही. एअरचं वजन हे सगळं धरूनच मोजायचं. रबरी बलून स्वतः धक्का जिरवत नाही, त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बरही त्यात आले. विक्रेत्याकडून दोन्ही ट्रेलरचं रिकामं वजन लेखी घ्या, जमलं तर काट्यावर बघा.

वाचलेल्या किलोंचे पैसे होतात का, हा पुढचा हिशोब. २०१८मध्ये आपल्याकडे दुहेरी एक्सलची (जवळजवळ बसवलेल्या दोन एक्सलच्या जोडीची) वजनमर्यादा १९ वरून २१ टन झाली. त्या मर्यादेला टेकणारा माल, म्हणजे स्टील कॉइल किंवा टँकर, असेल तर गाडीचं कमी झालेलं वजन प्रत्येक फेरीत भाड्यात दिसतं. कपड्यांचा कंटेनर आधी जागेने भरतो. तिथे फार तर थोडं डिझेल वाचेल. परदेशी ब्रोशरही जपून वाचा. युरोपात दुहेरी चालक एक्सलला १८ टन, पण जोडचाकं आणि एअर सस्पेन्शन असेल तर १९ टन चालतात. तिकडचा आकडा इथल्या हिशोबात तसाच धरू नका, एअरसाठी इथला नियम काय ते आधी विचारा.

एअर खरं जिंकतं ते रिकाम्या परतीत. पाटे भरल्या वजनासाठी कडक केलेले, त्यामुळे रिकामा ट्रेलर उरण-पनवेलच्या खड्ड्यांवर उड्या मारतो. बलूनमध्ये वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त होते, म्हणून गाडी भरलेली असो वा रिकामी, चाल जवळपास सारखी राहते. काच, मशिनरी, औषधं नेत असाल तर माझं मत सरळ एअरला.

पण देखभाल? पाटा बदलणारा मिस्त्री हायवेवर कुठेही सापडतो. गळणारा व्हॉल्व्ह ओळखणारा शोधावा लागतो. त्यात पावसाळ्यातला चिखल आणि खाडीची खारी हवा, म्हणजे पाइपचे जोड सतत तपासायला हवेत. गळती झाली तरी ब्रेकची हवा राखून ठेवणारा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आहे ना, हे डिलिव्हरीच्या वेळीच पाहून घ्या. कमी अंतराचा, नेहमीच्या रस्त्याचा, साध्या मालाचा धंदा असेल तर मी पॅराबोलिकच घेईन. एअरच घ्यायचं ठरलं तर बलून आणि व्हॉल्व्ह कळंबोलीत कोणाकडे तयार मिळतात, ते दुकान सहीआधी स्वतः जाऊन बघा.